एकट्याने राहण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. काही स्वतः एकटे राहणाऱ्यांचे असतात: जोडीदार गेलेले, वेगळे झालेले, लग्न न केलेले. बाकीचे त्यांच्या मुलांचे, सुना-जावयांचे, भाच्या-पुतण्यांचे. कुठलाही प्रश्न आधी वाचला तरी चालेल. जिथे एका उत्तराला दुसऱ्याची जोड लागते तिथे क्रमांक दिला आहे. कायदे देशागणिक बदलतात, त्यामुळे कागदपत्रांबद्दल इथे फक्त तत्त्व सांगितलं आहे. नेमकं काय करायचं ते आपल्या वकिलाला विचारा.

१. एकटे राहणारे खरंच वाढलेत, की आपल्यालाच तसं वाटतं?

खरंच वाढलेत. अमेरिकेत १९४० साली शंभरातली आठ घरंही एका माणसाची नव्हती. २०२० च्या जनगणनेत हा आकडा २७ च्या पुढे गेला. जपानमध्ये २०२० साली ३८ टक्के घरांत एकच माणूस होता. जर्मनी, स्वीडन, फिनलंड इथे हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे.

पण वाढ सगळीकडे सारखी नाही. १३० देश आणि प्रदेशांची माहिती एकत्र करून २०२० मध्ये केलेल्या एका पाहणीत ६० च्या पुढचे सरासरी १६ टक्के लोक एकटे राहत होते. अमेरिकेत मात्र २७ टक्के. म्हणजे नुसती माणसं म्हातारी झाली म्हणून हे घडत नाही. ज्या समाजांत वृद्धांच्या हातात स्वतःचा पैसा आला, तिथे ते ठळकपणे दिसतं.

२. उतारवयात सोबत हवी असं सगळेच म्हणतात. मग लोक एकटे राहणं का पसंत करतात?

सोबत हवी असते, हे खरंच आहे. पण सोबत आणि एकाच छपराखालचा संसार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळांना पहिली हवी असते, दुसरी नको असते.

याचा सगळ्यात बोलका पुरावा अमेरिकेतल्या विधवांचा. १९४० साली तिथल्या वयस्क विधवांपैकी १८ टक्के एकट्या राहत होत्या आणि ५९ टक्के मुलांकडे. १९९० पर्यंत चित्र उलटं झालं: ६२ टक्के एकट्या, २० टक्के मुलांकडे. मधल्या पन्नास वर्षांत मुलं वाईट झाली असं म्हणायला काही आधार नाही. बदललं ते उत्पन्न. सरकारी निवृत्तिवेतनाचा मासिक हप्ता तिथे १९४० मध्येच सुरू झाला आणि पुढे वाढत गेला, आणि अभ्यासकांनी या बदलाचं मोठं श्रेय त्यालाच दिलं आहे. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे. स्वतःच्या घरात राहावं ही इच्छा आधीपासून होती; ती परवडत नव्हती.

बाकीची कारणंही आहेतच. आयुष्य लांबलं. कुटुंबं लहान झाली. लग्न न करणारे वाढले. घटस्फोट उतारवयातही होऊ लागले. अमेरिकेत पन्नाशीनंतरच्या घटस्फोटांचा दर १९९० ते २०१० या काळात दुप्पट झाला. फोनमुळे दूर राहूनही रोजचं बोलणं होतं.

पण लोकांना कारण विचारलं की यातलं काहीच ते सांगत नाहीत. ते अगदी बारीक गोष्टी सांगतात. रात्री अडीचला झोप उडाली तर दिवा लावून वाचत बसता येतं, कुणाची झोपमोड होत नाही. डबे जिथे ठेवले तिथेच सापडतात. दुपारी जेवायचं नसेल तर ‘का जेवला नाहीत, बरं नाही का?’ याचं उत्तर द्यावं लागत नाही. मुलाच्या घरात आपण पाहुणे नसतो हे खरं, पण तिथल्या दिवसाचा आराखडा दुसऱ्याने आखलेला असतो. ज्या माणसाने चाळीस वर्षं स्वतःचं घर चालवलं, त्याला तो आराखडा कितीही प्रेमाचा असला तरी परका वाटू शकतो.

व्हिएन्नातले समाजशास्त्रज्ञ लिओपोल्ड रोझेनमायर आणि एव्हा क्योकाइस यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे टिपलं होतं. वृद्धांना मुलं जवळ हवी असतात, पण वेगळ्या घरात. अंतर राखल्याने जिव्हाळा टिकतो, असं त्यांना आढळलं.

३. एकटं राहणं म्हणजे शेवटी एकाकी होणंच ना?

नाही. ही गल्लत इतकी पसरली आहे की बाकीचे निम्मे प्रश्न तिच्यातूनच निघतात.

युरोपकडे पाहा. उत्तरेकडच्या देशांत वृद्ध मोठ्या संख्येने एकटे राहतात, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे मुलाबाळांत राहण्याचं प्रमाण जास्त. तरी एकाकी वाटतं असं सांगणारे वृद्ध दक्षिणेत आणि पूर्वेत जास्त आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात साधारण सहातला एक माणूस एकाकीपणा अनुभवतो आणि हे प्रमाण किशोरवयीन मुलांत सर्वाधिक आहे, म्हणजे बहुतांशी भरल्या घरात राहणाऱ्यांत.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार सांगितले, ते मला रोज उपयोगी पडतात. एक, आपलं असं एखादं जवळचं माणूस नसणं. दोन, उठण्याबसण्याला गोतावळा नसणं. दुसऱ्याची भरपाई पहिल्याने होत नाही आणि पहिल्याची दुसऱ्याने तर नाहीच. म्हणून नवरा गेलेल्या बाईला ‘महिला मंडळात जा, मन रमेल’ असं सांगितलं की ती गप्प होते. तिला मंडळ नको असतं असं नाही. तिला तो एक माणूस हवा असतो.

मुलांच्या घरात राहूनही एकटं वाटतं, असं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यात काही कमी नाही. दिवसभर घर रिकामं आणि संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या खोलीत, असं असेल तर माणसं मोजून उपयोग नाही.

४. एकटं राहिल्याने आयुष्य कमी होतं असं वाचलं. खरं का?

असा संबंध आढळला आहे, पण पुढचं वाक्यही वाचा. २०१५ साली ७० अभ्यासांचा, सुमारे ३४ लाख लोकांच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात एकटं राहणाऱ्यांत मृत्यूची शक्यता ३२ टक्के जास्त दिसली. एकाकी वाटणाऱ्यांत २६ टक्के, समाजापासून तुटलेल्यांत २९ टक्के. मात्र हा धोका सरासरी वय ६५ पेक्षा कमी असलेल्या गटांत अधिक होता.

कारण उघड आहे असं मला वाटतं. चाळिशीत एकट्या पडलेल्या माणसामागे अनेकदा आजार, व्यसन, बेकारी, मोडलेलं लग्न असतं. पंचाहत्तरीत एकटं राहणारा माणूस बऱ्याचदा एकटं राहता येईल इतका धडधाकट असतो. तेव्हा आकडा पाहून घाबरून घर बदलू नका. पडणं, औषधं, आणि हाक मारायला माणूस, या तीन गोष्टींकडे बघा (प्रश्न ९ आणि १०).

५. आई आमच्याकडे यायला तयार नाही. आमचं काही चुकलं का? लोक तर तसंच म्हणतात.

बहुधा काहीच चुकलेलं नाही. ती तुम्हाला सोडून जात नाहीये, स्वतःचं घर सोडायला नकार देतेय. प्रश्न २ मधली कारणं तिला वाचून दाखवा आणि यातलं कुठलं तुझं, असं विचारा. ‘तू आमच्याकडे का येत नाहीस?’ यावर ती बचावाचं काहीतरी बोलेल. ‘तुला तिथे नीट राहता यावं म्हणून काय हवंय?’ यावर ती यादी देईल: न्हाणीघरात धरायला दांडी, महिन्यातून एकदा बँकेत सोबत, रविवारी नातवंडं. यादी मिळाली की तुमची अर्धी चिंता कामाला लागते.

लोकांचं म्हणाल तर, त्यांना तुमच्या घरातलं रोजचं दिसत नाही. त्यांच्यासाठी आईला हलवू नका.

एक अपवाद आहे. ‘तुम्हाला कशाला त्रास’ हे वाक्य ती वारंवार म्हणत असेल तर ती निवड नसेल, भीड असेल. अशा वेळी एकदा नाही, तीनदा बोलवा, आणि तिची खोली खरोखर तयार करून बोलवा.

६. बाबांना जाऊन दोन महिने झाले. आईचं घर आता विकून टाकावं का?

आता नको. पहिले काही महिने मोठा, परत न फिरवता येणारा निर्णय टाळावा. दुःखात घर खायला उठतं आणि तेच घर वर्षभराने आधार वाटू शकतं. तिला तुमच्याकडे राहावंसं वाटत असेल तर जरूर आणा, पण तिचं घर तसंच ठेवा, किल्ली तिच्याकडेच राहू द्या.

आई गेली असेल आणि बाबा मागे राहिले असतील तर जास्त लक्ष ठेवा. जोडीदाराच्या मृत्यूनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत मागे राहिलेल्याच्या मृत्यूचा धोका वाढतो, आणि पुरुषांत तो अधिक दिसतो. पुष्कळ घरांत नातेवाइकांशी बोलणं, औषधांच्या वेळा, डॉक्टरकडे जायची आठवण, हे सगळं बायकोमार्फत चालतं. ती गेली की एका माणसाबरोबर हे सगळंच जातं. बाबांना फोन करून ‘ठीक आहात ना’ विचारू नका. ‘ठीक’ असंच उत्तर येईल. काल काय शिजवलं, कुणाशी बोललात, ते विचारा.

७. एकटं राहणाऱ्यांत बायकाच जास्त का असतात?

जगभरात बायका पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे ५ वर्षं जास्त जगतात, नवरा बहुधा वयाने मोठा असतो, आणि विधुर विधवांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा लग्न करतात. तिन्हींची बेरीज होते. पुन्हा संसार नको म्हणणाऱ्यांचं प्रश्न ११ मध्ये आलं आहे.

८. मी लग्न केलं नाही, मूल नाही. आज छान चाललंय, पण पुढे माझं कोण बघणार?

आधी एक गोष्ट: मूल असणं म्हणजे उतारवयाची हमी नव्हे, हे प्रश्न १३ मधल्या माणसांना विचारा. तुमच्याकडे एक फायदा आहे. तुम्हाला ही तजवीज करावी लागणार हे तुम्ही आधीपासून ओळखून आहात.

कामं तीन माणसांत वाटा, एकावर टाकू नका. रुग्णालयातून फोन जाईल तो पहिला. तो जवळ राहणारा असावा. तुम्ही शुद्धीत नसाल तर उपचारांबद्दल बोलणारा दुसरा; तो धीराचा असावा आणि तुम्हाला काय नको आहे हे त्याला तोंडी आणि लेखी माहीत असावं. पैशांचे व्यवहार बघणारा तिसरा. भाचा, मैत्रीण, जुना सहकारी, कुणीही चालेल. वयाने तुमच्याइतकेच असलेले तिघे मात्र निवडू नका, निदान एक जण पंधरा-वीस वर्षांनी लहान हवा.

इथे एक खाच आहे, तिच्यावर पुष्कळ जण अडखळतात. साधं मुखत्यारपत्र अनेक देशांत माणसाची समज गेली की निष्प्रभ होतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. त्यासाठी वेगळा दस्तऐवज लागतो, आणि तो कुठे कोणत्या नावाने मिळतो ते वकील सांगेल. मृत्यूनंतर तर मुखत्यारपत्र संपतंच. तिथून पुढे मृत्युपत्र. दोन्ही हातीपायी धड असताना करा, आणि ती कुठे ठेवली आहेत ते पहिल्या माणसाला सांगा.

खर्चाचाही हिशेब आधीच मांडा. दोघांना एकत्र राहायला एकट्याच्या दुप्पट खर्च येत नाही. जीवनमानाची तुलना करताना वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मापात तो दीडपट धरतात. उलट वाचलं तर, वाटेकरी नसल्यामुळे एकट्या माणसाला त्याच राहणीसाठी माणशी सुमारे एक तृतीयांश जास्त मोजावं लागतं. हे स्वातंत्र्याचं भाडं आहे, आणि ते निवृत्तीच्या आकडेमोडीत धरलेलं हवं.

९. घरात पडलो आणि कुणाला कळलंच नाही तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि रास्त आहे. पडण्याइतकंच पडून राहणं घातक असतं. तासापेक्षा जास्त वेळ जमिनीवर राहिलं तर अंग गार पडतं, पाणी कमी होतं, दाबाने त्वचा आणि स्नायू दुखावतात, मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. तेव्हा तयारी दोन गोष्टींची करायची: उठता येणं, आणि कुणाला तरी आत येता येणं.

दाराचं आधी बघा. शेजारी किल्ली ठेवली आहे म्हणून पुष्कळ जण निश्चिंत असतात, आणि रात्री आतून कडी घालतात. मग त्या किल्लीचा काय उपयोग? काही कुलुपांत आतल्या बाजूने किल्ली अडकवून ठेवली तर बाहेरची किल्ली फिरत नाही, तेही तपासा. आतून बंद होणारं पण बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवा, कडीची सवय सोडा, आणि शेजाऱ्याला एकदा प्रत्यक्ष दार उघडायला लावा. न्हाणीघराची कडी तर लावूच नका. घरात तुम्ही एकटेच आहात.

फोन न्हाणीघरातही सोबत हवा आणि जमिनीवरून हात पोचेल इतक्या खाली ठेवायला हवा. बेसिनवर ठेवलेला फोन पडलेल्या माणसाला दिसतो, मिळत नाही. बहुतेक स्मार्टफोनमध्ये कुलूप न उघडता दिसणारी आणीबाणीची माहिती भरता येते; तिथे औषधं, ॲलर्जी आणि दोन नंबर लिहा. पडल्याचं ओळखून फोन लावणारी मनगटी घड्याळंही मिळतात, पण ती अंघोळीच्या वेळी काढून ठेवली तर काही उपयोग नाही.

पडल्यावर लगेच धडपडू नका. मिनिटभर तसेच राहा. डोक्याला मार असेल, कंबरेत किंवा खुब्यात असह्य कळ असेल, पाय हलत नसेल तर उठू नका, मदत बोलवा. तसं नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर भार देऊन हातागुडघ्यांवर या, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जा. दोन्ही हात बैठकीवर ठेवा, जो पाय मजबूत त्याचं पाऊल जमिनीवर सपाट टेका, जोर देऊन उठा, आणि वळून बसा. उठल्यावर कुणाला तरी सांगा, लाज बाळगू नका. हे सगळं एकदा धडधाकट असताना, कुणी समोर असताना करून बघा.

१०. आईला रोज फोन केला तर तिला पाळत वाटते, नाही केला तर आम्हाला झोप नाही. काय करावं?

फोनची दिशा उलटी करा. तिनेच सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत एक खूण पाठवायची, एखादा शब्द किंवा चित्र पुरे. खूण आली तर कुणी काही विचारायचं नाही. न आली तर काय होणार हे आधीच ठरलेलं हवं: अर्ध्या तासाने तुमचा फोन, उचलला नाही तर शेजाऱ्याला फोन, तो किल्ली घेऊन जाणार. मग गप्पांचा फोन वेगळा होतो आणि त्यात चौकशीचा सूर राहत नाही.

कॅमेरा तिला न विचारता बसवू नका. विचारल्यावर ती नाही म्हणाली तर ते नाहीच.

शेजारी या साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा दुवा. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली, ७०० हून अधिक माणसं दगावली, त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या शेजारशेजारच्या वस्त्या. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे वृद्ध. तरी नॉर्थ लॉनडेलमधला मृत्युदर जवळपास दहापट होता. अभ्यासातून जो फरक पुढे आला तो रस्त्यांचा: साउथ लॉनडेलमध्ये दुकानं चालू होती, फुटपाथवर वर्दळ होती, माणसं एकमेकांना ओळखत होती, वृद्ध बाहेर पडत होते. म्हणून एकट्या माणसासाठी घर निवडताना मी आधी खालचा रस्ता बघायला सांगते.

११. साठीनंतर जोडीदार मिळाला आहे, पण एका घरात राहायचं नाही. हे विचित्र आहे का?

अजिबात नाही. आपापल्या घरी राहून नातं निभावणारी ज्येष्ठ जोडपी अनेक देशांत आहेत. स्वीडनमधल्या अभ्यासांत असं दिसलं की वेगळं घर ठेवण्याचा आग्रह बऱ्याचदा बायकांचा असतो: पुन्हा कुणाचं घरकाम आणि सेवा अंगावर पडू नये म्हणून. मुलांच्या मनातली मालमत्तेची धास्तीही वेगळ्या घरांमुळे कमी होते. एकच गोष्ट आधी बोलून घ्या: दोघांपैकी एक अंथरुणाला खिळला तर काय? आणि रुग्णालयात जोडीदाराला तुमच्याबद्दल माहिती मिळावी असं वाटत असेल तर त्याचं नाव लेखी द्या (प्रश्न ८).

१२. बाबा विसरायला लागलेत, तरी एकटेच राहीन म्हणतात. कधीपर्यंत ऐकायचं?

डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं असं नाही. सुरुवातीच्या काळात ओळखीचं घरच बरं पडतं, कारण तिथे हातांना सवयीने वाट सापडते. पण काही खुणा दिसल्या की थांबू नका: गॅस चालू राहणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, औषधं दोनदा घेणं किंवा न घेणं, अनोळखी माणसाला पैसे देणं, फ्रिजमध्ये नासलेलं तसंच राहणं. फोनवर ते छान बोलतील. म्हणून न सांगता भेट द्या आणि औषधाच्या पट्ट्यांतल्या गोळ्या मोजा. अशी एखादी खूण दिसली तर डॉक्टरांकडे न्या आणि दिवसाची मदत सुरू करा; जिवाला धोका असलेली खूण पुन्हा दिसली तर एकटं राहणं थांबवावं लागेल. तेव्हाही कुठे आणि कुणाबरोबर हे त्यांना विचारूनच ठरवा.

विसरण्याचं प्रत्येक कारण डिमेन्शिया नसतं. नैराश्य, थायरॉइड, ब-१२ ची कमतरता, काही औषधं यांनीही तसं होतं, आणि त्यांवर उपाय आहे.

१३. मी निवडलं नव्हतं. मुलं लांब गेली, नवरा गेला. ‘एकटं राहण्याचा आनंद’ वगैरे वाचून राग येतो.

राग रास्त आहे. निवडलेलं आणि वाट्याला आलेलं यांना एकाच तराजूत तोलणं अन्याय आहे. आनंद माना असं मी म्हणणार नाही.

एवढंच सुचवते: घर आणि माणसं हे दोन वेगळे प्रश्न करा. घर तसंच ठेवून माणसं वाढवता येतात, आणि तिथे ठरावीक वेळ कामाला येते. ‘या कधीतरी’ म्हटलं की कुणी येत नाही. दर मंगळवारी चारला एकच माणूस, हे टिकतं. तुमची कुणाला तरी गरज असेल अशी जागा शोधा: शिकवणं, वाचून दाखवणं, शेजारच्या मुलाला दुपारी सांभाळणं. आठवड्यांमागून आठवडे झोप, भूक, इच्छा सगळंच मंदावलं असेल तर ते एकटेपणाच्या नावावर टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

१४. काही वर्षं एकटी राहिले. आता कुणाबरोबर तरी राहावंसं वाटतं. मागे फिरू का?

फिरा. मात्र आधी दोन-तीन महिने राहून बघा, आणि तोवर स्वतःचं घर विकू किंवा सोडू नका. जिथे जाल तिथे दार लावून घेता येईल अशी एक खोली, स्वतःची कपाटाची किल्ली आणि घरखर्चातला ठरलेला वाटा, एवढं आधी बोलून घ्या.

मुलांकडेच जावं असंही नाही. मैत्रिणी एकत्र राहतात. डेन्मार्कमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून अशा वसाहती आहेत जिथे घरं स्वतंत्र, पण स्वयंपाकघर आणि बसण्याउठण्याची जागा सामाईक. पुढे फक्त ज्येष्ठांसाठीही तशा वसाहती उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी जायचं तर चालता-फिरता असतानाच जा, कारण आजारी झाल्यावर बऱ्याच वसाहती नवा सभासद घेत नाहीत.